बारा व्होल्टचं जाकीट

"वहिनी, थिअरी एकदम बरोबर आहे." हे वाक्य जिन्यातून ऐकू आलं की मी आधी गॅस बंद करायची. त्यानंतर काहीतरी जळणार, हे नक्की असायचं.

लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये आमच्या खालीच हे भावजी राहायचे. दिवसभर मंत्रालयात फायलींवर शेरे मारायचे आणि संध्याकाळी घरातल्या चालू वस्तू उघडून बसायचे. तुमच्याही शेजारी असा एखादा असेलच. बंद घड्याळ कोणीही उघडेल हो, हे चालू उघडायचे!

त्यांची बायको नलू वेंगुर्ल्याची. दिल्लीच्या थंडीत तिची बोटं सुजायची, आठवडाभर धुकं हटलं नाही की बोलणंच बंद व्हायचं. तिसऱ्या हिवाळ्यात तिने सांगून टाकलं, "एवढी थंडी काढते. मग मी आईकडे. परत येणार नाही."

इकडे भावजींनी गाझियाबादला नव्या सोसायटीत फ्लॅट बुक केलेला. दर रविवारी नलूला तिथे नेऊन नुसत्या खांबांमधल्या हवेत बोट दाखवायचे, "हे बघ, तुझं स्वयंपाकघर." ती शाल घट्ट करून म्हणायची, "भिंती नाहीत तोवर निघू या."

म्हणून जाकीट. आत जुन्या हीटरची तार, खांद्यावरच्या शबनम पिशवीत स्कूटरची बॅटरी.

"बाहेर देशात असलं सगळं तयार मिळतं वहिनी. आपल्याकडेही येईलच आता. पण तोवर नलूने काय कुडकुडायचं?"

शिवणकाम अर्थातच माझ्याकडे आलं. मी त्या वेळी स्वतःला कोण समजायची, विचारू नका. शिवणक्लासात पहिली आलेली, त्यामुळे अख्ख्या दिल्लीत टीप फक्त मलाच घालता येते असा माझा समज. भावजींनी काळ्या सुती कापडावर खडूने चार सरळ रेघा मारून दिल्या आणि बजावलं, "तार या रेघांतूनच." मला त्या रेघा तुरुंगाच्या गजांसारख्या दिसल्या. मी सुंदरपैकी शंकरपाळ्यांची टीप घातली. तारा पाठीच्या मधोमध एकमेकींवर चढल्या, पण डिझाइन काय देखणं दिसत होतं!

नलूने ते घालायला साफ नकार दिला. "आधी दुसऱ्या कोणावर करून बघा." संक्रांतीचं हळदीकुंकू तिच्याकडेच होतं. मी म्हटलं, त्यात काय, मी घालते! काळी साडी, वर काळं जाकीट, शबनममध्ये बॅटरी, आणि कॉलनीतल्या सगळ्या बायकांसमोर मी नवरीसारखी मधोमध.

पाच मिनिटांत पाठीवर कोणीतरी इस्त्री टेकवली.

"गरम वाटतंय का हो?" बायकांनी विचारलं.

"बिल्कुल! मस्त!" मी म्हटलं. शिवण माझी होती ना! डोळ्यांतून पाणी वाहतंय, हातातला तिळगूळ विरघळतोय आणि शेजारची मला थोपटून म्हणतेय, "सणाला माहेर आठवतंच." शेवटी कापडाचा वास सुटला तेव्हा नलूनेच तार उपटली. भावजींनी माझी जळकी पाठ सोडून आधी जाकिटाची पाठ तपासली. शंकरपाळे पाहिले. माझ्याकडे पाहिलं. म्हणाले, "थिअरी एकदम बरोबर होती." मी दोन दिवस त्या माणसाशी बोलले नाही.

तिसऱ्या दिवशी स्वतःच खाली गेले, सगळं उसवलं आणि मुकाट्याने सरळ रेघांवर टीप घातली.

या वेळी जाकीट चाललं. खरंच चाललं! नलू ते घालून गच्चीवर गेली. धुक्यात समोरची इमारतसुद्धा दिसत नव्हती. आम्ही दोघं परीक्षेच्या निकालाची वाट बघावी तसे तिच्या तोंडाकडे बघत उभे. ती हळूच म्हणाली, "ऊब आहे. छान आहे. पण ऊन नाही हो."

यावर भावजी काहीतरी उत्तर देतील, निदान दुसरं यंत्र सुचवतील, म्हणून मी कपाळाला हात लावायच्या तयारीत होते. त्यांनी नुसतं तिच्या शबनममधलं बटण बंद केलं. पुढच्याच आठवड्यात गोव्याच्या ऑफिसात बदलीसाठी अर्ज टाकला आणि गाझियाबादचा फ्लॅट सोडून दिला. भिंती तेव्हा नुकत्या चढल्या होत्या.

मे महिन्यात खाली सामानाचा ट्रक लागला. लू सुटली होती, ट्रकवाला हॉर्नवर हॉर्न देत होता, नलू पुढे बसून "अहो, चला ना!" ओरडत होती. आणि हा माणूस माझ्या दारात. एका हातात बॅटरी, दुसऱ्यात जाकीट.

"तुम्हीच ठेवा वहिनी. बॅटरीत पाणी कसं घालायचं तेवढं दाखवतो."

"भावजी, मे महिना आहे! पाठवा ना लिहून!"

"डिसेंबरात बिघडलं तर मी कुठे असणार?"

त्यांनी दारातच तार जोडली, जाकीट जिन्याच्या कठड्यावर पसरलं आणि पाठीच्या मधोमध तळहात टेकवून, घामाने निथळत, ऊब येण्याची वाट बघत उभे राहिले.