मुकुलच्या हाती मोबाईल कोण देतं?

दिंडोशीत शकुमावशी बावीस वर्षं पाळणाघर चालवत होत्या. मुलांपुढे मोबाईल काढायचा नाही, हा त्यांचा कडक नियम. म्हणूनच तीन वर्षांच्या मुकुलच्या आईने, गंधालीने, दारात उभं राहून विचारलं तेव्हा त्यांना ते झोंबलं.

"मावशी, खरं सांगा, मुकुलला इथे मोबाईल दाखवता ना? घरी आम्ही हातही लावू देत नाही. तरी व्हिडिओसाठी आकांत करतो."

"माझ्याकडे? शक्यच नाही!"

बोलून गेल्या खऱ्या, पण मनात पाल चुकचुकली. हाक मारली तरी मुकुल हल्ली वळून बघत नसे. चित्रांच्या पुस्तकावर बोट फिरवायचा आणि पान हललं नाही की रडायचा. दुपारी मुलांना भरवायची ती त्यांची सून, संघमित्रा. एवढा हट्टी पोरगा तिच्याकडे दहा मिनिटांत वाटी संपवतो, तो कसा?

"तुझा फोन कुठाय गं?" त्या उठता-बसता विचारू लागल्या. एका दुपारी बाजारात जाते म्हणून निघाल्या आणि अर्ध्यातून परतून खिडकीशी थांबल्या. आत संघमित्रा पोळीच्या तुकड्यांची रिक्षा करून मुकुलला भरवत होती. तिने मान वळवली.

"आई, माझ्यावर नजर ठेवताय?" तिने फोन आणून त्यांच्या हातात कोंबला. "घ्या, ठेवा तुमच्याकडेच."

शकुमावशींना मान वर करवेना. पण मग कोण? पाच वाजता मुकुलचे आजोबा, नंदकिशोर, त्याला घेऊन निघाले, तशा त्या मागोमाग गेल्या. बागेतल्या बाकावर बसताच आजोबांनी खिशातून मोबाईल काढून नातवाच्या हातात दिला. पोरगा जागच्या जागी थिजला.

"काका, तुम्ही?"

आजोबा दचकले. "गुडघे गेलेत हो माझे. मागच्या महिन्यात हा हात सोडून पळाला, रिक्षाखाली येता येता वाचला. सुनेला काय सांगू? म्हाताऱ्याला एवढंही जमत नाही?"

शकुमावशींचा राग विरला. "गंधाली येईपर्यंत तो माझ्याकडेच राहील. तुम्हीही येऊन बसा. पण तिला आजच सांगायचं, आणि तुम्हीच."

आजोबांनी सांगितलं. गंधाली चार दिवस सासऱ्यांशी बोलली नाही. आठवडाभर मुकुल रोज संध्याकाळी जमिनीवर लोळून रडायचा आणि आजोबा शेजारी हताश बसून राहायचे. मग एका संध्याकाळी त्याने त्यांच्या मांडीवर ठोकळे ओतले, "आजोबा, बिल्डिंग!"

बागेतून आल्या त्याच रात्री फोन परत देताना शकुमावशी सुनेला म्हणाल्या होत्या, "चुकलं माझं."

"विचारायचं होतं ना, आई," संघमित्रा म्हणाली होती. पुढे बरेच दिवस ती कामापुरतंच बोलत राहिली.