पिवळ्या कण्यांची तळी

देवाधर्माचं मला फार काही बोलता येत नाही. घरात खंडोबा, म्हणून माझाही खंडोबा, एवढंच माझं ज्ञान. पण एका आजारपणात जे घडलं ते लिहून ठेवावं असं बरेच दिवस मनात आहे. त्याला चमत्कार म्हणायचं की योगायोग, यावर मी कुणाशी वाद घालणार नाही. वाद घालण्याची ताकद तेव्हाही नव्हती, आताही नाही.

मोठ्या लढाईच्या दिवसांत आमची पलटण इटलीत होती. माझं गाव उंब्रजजवळ, पालीच्या खंडोबाला चालत जाऊन संध्याकाळच्या आत घरी येता येईल अशा अंतरावर. आमच्याकडं घरटी एक तरी माणूस पलटणीत असतो, तसा मीही गेलो. निघताना आईनं पालीचा भंडारा एका फडक्यात बांधला आणि ती पुरचुंडी माझ्या बंडीच्या आतल्या अंगाला शिवून टाकली. "ह्यो संगं हाय तवर द्येव संगं हाय," म्हणाली. तो भंडारा मी मिसरच्या वाळूतून सांभाळून नेला, जहाजातून नेला, आणि इटलीत एका नदीचा उतार ओलांडताना तो पार भिजून वाहून गेला. बंडीवर पिवळा डाग तेवढा राहिला. त्या दिवसापासून मनात एक किडा वळवळायला लागला. आपला देव पालीचा. त्याची तारळी नदी तिथं, त्याचा डोंगर तिथं. इतका समुद्र ओलांडून तो इथं कशाला येईल, आणि आला तरी या मुलखात त्याला वाट कोण दाखवील?

तसा मी कंटाळलो होतो, हे खरं कारण. तिथं एक डोंगर चढून गेलं की पुढं दुसरा असायचा. चिखल, पाऊस, थंडी, आणि खेचरांच्या पाठीवर लादलेलं सामान वर पोचवून पुन्हा खाली यायचं. झोप मिळाली तरी शीण जात नसे. माझ्या जोडीला बिरू होता. जतकडचा धनगर, घरात पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं. खेचरंसुद्धा त्याचं मेंढरांसारखंच ऐकायची. चढणीला आम्ही दोघं नुसत्या बोलण्यात जेवायचो. म्हणजे त्यानं बाजरीची गरम भाकरी, शेंगांची चटणी आणि शेळीच्या चिकाचा खरवस वाढायचा आणि मी कण्या वाढायच्या.

कण्या म्हणजे काही पक्वान्न नव्हे. जोंधळा जात्यावर जाडसर भरडायचा, पीठ चाळून भाकरीला घ्यायचं आणि मागं उरलेला भरडा चुलीवर शिजत टाकायचा. वर आंबट ताक आणि तोंडी लावायला खर्डा. पण मला खरी ओढ होती खरवडीची. भांड्याच्या बुडाला धरलेला तो करपट पापुद्रा आई उलथण्यानं खरवडून काढायची आणि मी चुलीपुढं हात पसरून बसायचो. परदेशात माणसाला घर आठवतं असं म्हणतात. मला घर असं अख्खं कधी आठवलं नाही. त्या उलथण्याचा खर्र खर्र आवाज आठवायचा आणि पुढचं पाऊल उचलवत नसे.

हिवाळा तोंडावर आला आणि मला कावीळ झाली. आधी बिरूच्याच ध्यानात आलं. "आरं, डोळं बघ की तुजं. मल्हारीनं भंडारा उधळल्यावानी दिसाय लागलाईस," असं म्हणून तो हसला, मीही हसलो. पण ते हसू टिकलं नाही, कारण काविळीचं पथ्य आम्हा दोघांनाही पाठ होतं. आमच्याकडं काविळीच्या माणसाला पिवळं काही देत नाहीत. हळद नाही, वरण नाही. कुणी कुणी तर पिवळं लुगडं नेसून त्याच्यापुढं जात नाही. आणि पलटणीच्या लंगरात, म्हणजे भटारखान्यात, पाहावं तर सगळंच पिवळं! डाळ पिवळी, भाजी हळदीत बुडवलेली, तूप पिवळं. डॉक्टरसाहेब म्हणाले, जाईल ते खा. मी मान हलवली आणि खाल्लं नाही. जे पिवळं नव्हतं ते पोटात ठरत नव्हतं. होता होता भूकच गेली, आणि तिच्या मागोमाग जगण्याची इच्छाही गेली. मरावंसं वाटत होतं असं नाही. पण जगायचं कशासाठी, ते आठवेनासं झालं होतं.

मला खालच्या इस्पितळात पोचवायला बिरूला पाठवलं. खेचरावर मला बांधल्यासारखं बसवून तो निघाला, तर वाटेत नदीला लोंढा आलेला आणि पूल वाहून गेलेला. जवळच एक शेतकऱ्याचं घर होतं. त्यात म्हातारा, म्हातारी आणि त्यांची सून, अशी तीनच माणसं. बिरूनं दार वाजवलं. म्हातारीनं माझ्याकडं एकदा पाहिलं आणि दार सताड उघडलं. मला तिनं चुलीजवळ गवताच्या गादीवर निजवलं. थोड्या वेळानं ती एक वाडगा घेऊन पुढं आली आणि "लात्ते, लात्ते" म्हणू लागली. बिरू माझ्या कानाशी म्हणाला, "गड्या, उठ लवकर. बाई लाथ घालती म्हनतीया." वाडग्यात गरम दूध होतं. दोन घोट घेतले आणि ते तिनं कमरेला बांधलेल्या फडक्यावरच ओकलो. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.  तिनं माझं तोंड पुसलं, फडकं सोडून बाजूला टाकलं आणि कपाळावर हात ठेवून बसली.

बिरू पलीकडं खेचराला घास घालत होता. आत आला आणि माझ्याजवळ उकिडवा बसला. नेहमीची थट्टा नव्हती. "आसा गेलास तर तुज्या आयेला म्या काय सांगू?" त्यानं विचारलं. मी म्हणालो, "सांग, द्येव आला न्हाई." हे बोललो तेव्हा मला रडूही आलं नाही, इतका मी थकलो होतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी डोळे मिटून पडलो होतो. कानावर आवाज आला. पचाक, पचाक. जाड काही शिजताना बुडबुडे फुटतात तो आवाज. मागून बुडाला लागल्याचा करपट वास आला. मी "आये" म्हणून हाक मारली. डोळे उघडले तर चुलीवर साखळीला तांब्याची काहील टांगलेली आणि म्हातारी लांब दांड्यानं ती घोटत होती. कण्याच होत्या! मक्याच्या भरड पिठाच्या होत्या, पण कण्याच. मी कोपरावर रेटून उठलो आणि आत डोकावलो. पिवळ्याजर्द.

बिरूनंही पाहिलं आणि त्याचं तोंड उतरलं. "न्हाई रं गड्या, ह्ये तुज्यासाटनं न्हाई." मग त्यानं म्हातारीला समजावण्याचा उद्योग आरंभला. माझ्या डोळ्यांकडं बोट दाखवायचं, काहिलीकडं बोट दाखवायचं आणि दोन्ही हात जोरजोरात हलवायचे. तिला वाटलं, दोन्हींचा रंग एकच आहे असं तो सांगतोय. ती खळखळून हसली आणि सुनेलाही दाखवू लागली. मी परत पडलो. महिन्यांमागून महिने ज्याची आठवण काढली ते हाताच्या अंतरावर होतं आणि तेच मला विष होतं. देवानं चेष्टाच मांडली आहे असं मला वाटलं.

घरातलं टेबल कुठल्याशा सैनिकांनी शेकोटीत जाळलं होतं. म्हणून म्हाताऱ्यानं एक रुंद फळी चुलीपुढं जमिनीवर ठेवली. म्हातारीनं अख्खी काहील तिच्यावर ओतली. त्यांची रीतच तशी, ताटं नाहीत, फळीच्या भोवती बसून सगळ्यांनी एकात जेवायचं. आता ती फळी उचलून दोन पिंपांवर ठेवायची होती. म्हातारा एका कोपऱ्याला, सून दुसऱ्याला, तिसऱ्याला बिरू, चौथ्याला म्हातारी. पण मध्ये फळीला बाक आला आणि तो पिवळा ढीग एका बाजूला घसरायला लागला. म्हातारी माझ्याकडं वळून ओरडली. काय ओरडली ते कळलं नाही, पण आळशी पोरावर आई ओरडते तसा सूर होता. कसा कोण जाणे, मी उठलो आणि मधोमध फळीला हात लावला. फळी उचलली गेली.

आमच्याकडं चंपाषष्ठीला खंडोबाची तळी भरतात. ताम्हनात पानसुपारी, खोबरं आणि भंडारा ठेवून पाच जण मिळून ते ताम्हन उचलतात आणि देवाचा गजर करतात. चौघांत तळी उचलत नाहीत. पाचवा कुणी नसला तर वाटेवरच्या माणसाला बोलावून आणतात. फळी हातात धरून मी समोर पाहिलं, तर बिरू माझ्याकडं टक लावून बघत होता. पाच माणसं, आणि मध्ये भंडाऱ्यासारखी पिवळी रास. माझ्या तोंडून आपोआप निघालं, "सदानंदाचा येळकोट!" बिरूनं छप्पर उडेल अशी आरोळी ठोकली, "येळकोट येळकोट, जय मल्हार!" सून घाबरून मागं सरली, पण तिनं कोपरा सोडला नाही. फळी पिंपांवर टेकल्यावर म्हाताऱ्यानं डोक्यावरची टोपी काढली. आमची प्रार्थना आहे हे त्याला कळलं असावं. म्हातारीनं तिच्या रीतीप्रमाणं कपाळाला आणि छातीला बोटं लावली.

मग बिरू म्हणाला, "आता खा. तळीचा परसाद हाय. परसादाला पिवळं-पांढरं आसतंय व्हय?"

मी खाल्लं. मीठ कमी होतं, ताक नव्हतं, खर्डा नव्हता. म्हातारीनं काहिलीच्या बुडाची खरवड काढून माझ्यापुढं टाकली, कोणी न सांगता. मी जेवत होतो आणि डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. ते अन्न पोटात राहिलं. संध्याकाळी मी मागून घेतलं, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा. फळी उचलली त्या दिवशी चंपाषष्ठीच होती असं बिरू शपथेवर सांगतो. चंद्रावरून आपण हिशेब केला होता म्हणतो. मला तिथीवारांची शुद्ध नव्हती, त्यामुळं मी होयही म्हणत नाही आणि नाहीही म्हणत नाही. मला इतकंच कळलं की मी देवाची वाट बघत पडलो होतो आणि त्यानं मला बोलावलं ते ओझ्याला हात लावायला. मी फक्त हात लावला. बाकीचं त्यानं उचललं.

नदी उतरल्यावर आम्ही निघालो. तेव्हा म्हातारीनं मला भिंतीवरचा एक फोटो दाखवला. सैनिकी वेषातला तरुण, तिचा मुलगा. दोन्ही मनगटं एकमेकांवर ठेवून तिनं तो कैदेत असल्याचं सांगितलं आणि मग माझ्या छातीला बोट लावून म्हणाली, "इंडिया, इंडिया." तिचा मुलगा आपल्या मुलखात कैदी होता. तिनं त्याचं नाव तीनतीनदा सांगितलं. माझ्या जिभेला ते वळलं नाही आणि पुढं इस्पितळात बरा होता होता तर पार विसरून गेलो. त्या माउलीचे उपकार या जन्मी फिटायचे नाहीत.

लढाई संपल्यावर घरी आलो. आईनं चुलीपुढं बसवून जेवायला वाढलं आणि मी तिला हे सगळं सांगितलं. भंडारा वाहून गेल्याचं, काविळीचं, फळीचं, येळकोटाचं. वाटलं होतं, देव धावून आला म्हणून ती हरखून जाईल. तिनं चुलीतलं लाकूड पुढं सारलं. मग म्हणाली, "आन्‌ तिच्या ल्येकाला आपल्यात कुनी पोटाला घातलं आसंल का रं?"

मी म्हणालो, "ठावं न्हाई, आये. त्येचं नावबी आठवत न्हाई मला."

ती उठली, हात धुतले आणि देव्हाऱ्यापुढं उभी राहिली. हात जोडून, शेजारणीशी बोलावं इतक्या साध्या आवाजात म्हणाली, "बा मल्हारी, त्येचं नाव आमाला ठावं न्हाई. तुला ठावं आसंल."

मग येऊन माझ्या ताटात आणखी वाढू लागली. त्यानंतर देव कुठवर येतो, हा प्रश्न मला कधी पडला नाही.