थोरलं कार्ड, धाकटं कार्ड

चष्मेवाल्यांचा सगळा दिवस एकच प्रश्न विचारण्यात जायचा. गिऱ्हाइकाला खुर्चीत बसवायचं, नाकावर ती जड चौकट चढवायची, तिच्यात एक काच सरकवायची, मग ती काढून दुसरी, आणि विचारायचं, "ही बरी की ही?" निम्मे लोक म्हणायचे, "दोन्ही सारख्याच वाटतात हो." या उत्तराचा त्यांना मनस्वी राग यायचा. जगात दोन वस्तू सारख्या असू शकतात हेच मुळी त्यांना मान्य नव्हतं.

दुकानातून घरी आले की ते ग्राफिक्स कार्डांची तुलना करत बसायचे. संगणकाच्या पोटात बसून पडद्यावरची चित्रं झरझर तयार करणारा हा भाग. त्यांच्या स्वतःच्या संगणकात असलं कार्ड नव्हतं आणि त्यांचं त्यावाचून काही अडतही नव्हतं. पण कुठल्या कार्डात कोर, म्हणजे आकडेमोड करणारे भाग, किती, त्यांचा वेग किती, मेमरी किती, हे सगळं तोंडपाठ. कोरांच्या संख्येला वेगाने गुणायचं, आलेल्या आकड्याची दुप्पट करायची, की कार्डाची कागदावरची ताकद निघते. हा गुणाकार करताना त्यांचा चेहरा असा काही फुलायचा, की बायको म्हणायची, "आमच्या लग्नाच्या फोटोतसुद्धा हे इतके खुश दिसत नाहीत."

अशा माणसाला त्याच्या सख्ख्या बहिणीने आपण होऊन विचारलं, की कुठलं कार्ड घेऊ?

ताईंचं स्वयंपाकघरं सजवून देण्याचं दुकान होतं. गिऱ्हाईक नवरा-बायको समोर बसायचे आणि त्या संगणकावर त्यांचं स्वयंपाकघर मांडून दाखवायच्या. ओटा इथे, कपाटं तिथे, खिडकीतून येणारं ऊन सिंकवर पडलेलं. पण संगणक म्हातारा. एकेक चित्र उमटेपर्यंत चहा होऊन, पिऊन, कप विसळून व्हायचे.

"दोनच कार्डं तुझ्या कामाची," चष्मेवाले म्हणाले. "एक थोरलं, एक धाकटं. थोरल्यात कोर जास्त आहेत, पण त्यांचा वेग बेताचा. धाकट्यात कोर कमी, पण वेग चढा आणि मेमरी जास्त. गुणाकार केला तर थोरलं तीन टक्क्यांनी सरस ठरतं."

"मग थोरलं आण."

"अगं, असं कसं? मेमरीचं काय?"

"मग धाकटं आण."

"आणि ते तीन टक्के?"

उन्हाळा सरला तरी हा प्रश्न सुटला नाही. चष्मेवाल्यांनी तक्ते केले, तक्त्यांवर रंग चढवले. ताईंनी फोन केला की आधी थोरल्याची बाजू मांडायचे, मग धाकट्याची, आणि "अजून थोडा अभ्यास करतो" म्हणून फोन ठेवायचे. शेवटी एकदा गिऱ्हाइकासमोर चित्र अर्धवट उमटून संगणकाने मान टाकली, तेव्हा ताईंचा संयम संपला.

"बाजारात जा, आणि दोन्हीतलं जे हाताला लागेल ते घेऊन ये. आज. अभ्यास बास."

हाताला धाकटं लागलं. थोरलं संपलं होतं. सख्खा माणूस परगावी सोडून यावा तसा चेहरा करून चष्मेवाले ते खोकं घेऊन आले.

कार्ड बसवलं, आणि ताईंनी बटण दाबून चहा सांगायला तोंड उघडलं, तोवर चित्र तयार! ऊन, सिंक, नळाची चकाकी, सगळं. चष्मेवाल्यांना क्षणभर भरून आलं. मग ते हळूच म्हणाले, "थोरलं असतं तर आणखी तीन टक्के..."

"गप बैस," ताई म्हणाल्या.

खरी पंचाईत पुढे झाली. पूर्वी चित्राची वाट बघता बघता नवरा-बायको आपापसात बोलायचे, थोडे भांडायचे, आणि चित्र येईपर्यंत बहुतेक सगळं ठरलेलं असायचं. आता वाट बघणंच उरलं नाही.

"ओटा काळा करून बघू या?" बायको म्हणायची. झाला काळा.

"हिरवा कसा दिसेल?" नवरा. झाला हिरवा.

"आता परत काळा, पण मघाचा नको."

ताईंची बोटं दुखायला लागली. दिवस मावळायचा आणि ठरलेलं काहीच नसायचं. एक जोडपं कपाटांचा रंग निवडायला आलं आणि "वेगळंच राहू मग" इथपर्यंत पोचून निघून गेलं.

अशातच सुट्टीच्या दिवशी चष्मेवाले आपलं कार्ड कसं चाललंय ते बघायला आले. ताई एका गिऱ्हाईक जोडप्याशी बोलत होत्या. नवरा सहज म्हणाला, "संगणक भलताच वेगवान आहे हो तुमचा." एवढं पुरे होतं. चष्मेवाल्यांनी खुर्ची ओढली आणि थोरल्यापासून सुरुवात केली. ते मेमरीपाशी पोचले तोवर इकडे बायकोने ताईंबरोबर ओटा, कपाटं, मुठी सगळं ठरवून टाकलं होतं. नवऱ्याला विचारलं तर तो घाईघाईने उठत म्हणाला, "फार छान. हेच करा. निघू या?"

ताईंनी भावाकडे असं पाहिलं, जसं लहानपणीसुद्धा कधी पाहिलं नव्हतं. "दर सुट्टीला येत जा रे," त्या म्हणाल्या. "लोकांना तुझं बोलणं आवडतं."

चष्मेवाले येऊ लागले. ज्ञानाची कदर करणारी माणसं अजून शिल्लक आहेत, असं त्यांनी घरी दोनदा बोलून दाखवलं.

पण एका सुट्टीला त्यांना संगणकाचा पडदा भिंतीकडे वळवलेला दिसला. "संगणक विचार करतोय, थोडं थांबावं लागेल," असं ताई गिऱ्हाइकाला सांगत होत्या. चष्मेवाल्यांनी वाकून बघितलं. चित्र केव्हाचं तयार होतं. गिऱ्हाईक गेल्यावर त्यांनी विचारलं, "ताई, हे काय?"

"काय म्हणजे? लोकांना वेळ द्यावा लागतो."

"मग मी इथे काय करतो?"

ताईंना खोटं बोलता आलं नाही. "तोच वेळ काढतोस," त्या म्हणाल्या.

चष्मेवाल्यांनी छत्री उचलली. इतकं वेगवान कार्ड आणायचं आणि त्याला घोरत ठेवायला सख्ख्या भावाला बसवायचं! पुढच्या सुट्टीला ते फिरकलेच नाहीत. घरी तक्ता उघडून बसले, पण गुणाकारात लक्ष लागेना. ऐकायला समोर कुणीच नव्हतं. बायको केव्हाच शेजारणीकडे जाऊन बसली होती.

दुपारी फोन आला. "सकाळपासून दोघं सिंकवरून भांडतायत रे," ताई दबक्या आवाजात म्हणाल्या. "ये ना."

"येतो," चष्मेवाले म्हणाले. "पण मधे तोडायचं नाही. शेवटपर्यंत बोलू द्यायचं."

"नाही तोडत."

ते गेले. सिंकवाल्या जोडप्यासमोर बसले, घसा साफ केला आणि एकेका कोराचा हिशेब मांडू लागले. ताईंनी शब्द पाळला, मधे तोडलं नाही. शेवटी त्या जोडप्यातली बायकोच ताईंच्या कानाशी वाकली. "सिंक ह्यांना हवंय तिथेच राहू द्या," ती म्हणाली, "पण तेवढं तुमच्या भावांना आवरा."

"आणि आता," चष्मेवाले नवऱ्याला सांगत होते, "आपण धाकट्याकडे वळू."