मामाजींचा न उठणारा कॉम्प्युटर

माझ्या साडभाऊंइतका, म्हणजे मेहुणीच्या नवऱ्याइतका, आत्मविश्वासाने चुकणारा माणूस अख्ख्या भंडारा जिल्ह्यात सापडायचा नाही. लाखनीला हायवेवर त्यांचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे; दुरुस्ती कमी, प्रवचन जास्त. पडद्यावर आलेला मजकूर वाचणं त्यांना कमीपणाचं वाटतं. "वाचाचं कायले जी? आपल्याले आवाजावरून समजते," म्हणत ते यंत्राला कान लावतात. एका गिऱ्हाइकाचा प्रिंटर त्यांनी असाच मन लावून ऐकला. प्लग लावलेलाच नाही, हे शेवटी गिऱ्हाइकाने सांगितलं.

आमचे सासरे, म्हणजे मामाजी, हातमागाच्या साड्यांचे काठ एका जुनाट प्रोग्रामवर काढत. तो नव्या यंत्रावर चालेना, म्हणून साडभाऊंनी मामाजींच्या नव्या कॉम्प्युटरच्या पोटात दुसरा, जुन्या वळणाचा कॉम्प्युटर थाटून दिला. त्याला वेगळं खोकं नाही, सगळा संसार पडद्यावरच. मामाजी गेले, तरी साडभाऊंनी तो कधी बंद केला नाही. पण दसऱ्याला माग थांबवून पूजा करायची आमच्या सासुरवाडीची रीत. सासूबाई म्हणाल्या, "त्यालेही एक दिवस आराम द्या ना, जवाईबापू." यांनी दिला, आणि दुसऱ्या दिवशी तो उठेचना. कर्नेल, म्हणजे बाकी सगळ्याला जागं करणारा मूळ प्रोग्राम, चार ओळी ओकून गप्प पडायचा. मामाजींचे सगळे काठ आत अडकलेले आणि नक्कल कुठेच नाही. नक्कल भित्र्यांनी ठेवावी, हेही साडभाऊंचंच प्रवचन.

सासूबाई जेवल्या नाहीत. साडभाऊंनी मेमरी वाढवली, घटवली, उदबत्ती ओवाळली, वीजवाल्यांना शिव्या घातल्या. शेवटी त्या ओळी मीच वाचल्या. डिस्क सापडत नाही, असं स्वच्छ लिहिलं होतं.

"डिस्कच्या सेटिंगले हात लावला का?"

"नाही जी."

"खरंच?"

"थोडीशी फास्ट केली होती. पण ते तर पोळ्याले!"

चालू असताना केलेला बदल बंद करून उठवल्यावरच लागू होतो, हे या दुकानदाराला पटवायला मला दोनदा चहा मागवावा लागला.

जुनं सेटिंग टाकताच तो उठला. पडद्यावर अक्षरं आली, 'राम राम मामाजी, आधी चष्मा लावा.' साडभाऊंनीच कधीतरी लिहून ठेवलेली. सासूबाईंनी ती मोठ्याने वाचली आणि आत जाऊन मामाजींचा चष्मा आणून पडद्यासमोर ठेवला.

तरी मी म्हटलं, "आता काठ दुसरीकडे उतरवा, अन् हे बंद करा."

"काठ उतरवतो जी," साडभाऊ हळू आवाजात म्हणाले. "पण बंद कराले नका सांगू. मामाजी पुन्हा उठतीनच, असं कुठं लिवलं आहे?"

त्यांची चूक काढायला मी सवयीने तोंड उघडलं. चूक सापडली नाही.