वर्षभराचं फालशाचं सरबत

दोन उन्हाळ्यांपूर्वी बायकोच्या छातीतली गाठ काढून झाली आणि केमोथेरपी सुरू झाली. केस गेले, त्याचं तिनं फारसं मनावर घेतलं नाही. "उकाड्यात बरंच झालं," म्हणाली. पण पाठोपाठ तोंडाची चव गेली, तेव्हा मात्र ती खचली.

पोळी पुठ्ठ्यासारखी लागायची. वरण म्हणे गंजक्या पाण्यासारखं. गोडाचं तर नावच नको. मी केलेला शिरा तोंडात घोळवून ती म्हणाली, "ओली वाळू." मला आधी वाटलं, माझं काहीतरी चुकलं असणार. विम्याच्या कचेरीत जन्म घालवून निवृत्त झालेला माणूस मी. कुकर, खिचडी, चहा यापलीकडे माझी मजल नव्हती. मग बाहेरून मिठाई आणून पाहिली. तीही वाळूच.

जेवण ही आमच्या घरात गप्पांची वेळ. ती शाळेत मराठी शिकवायची, आणि आमटीत गूळ जास्त झाला तर त्यावरही चार वाक्यं नीट रचून बोलायची. आता ती ताटाकडे बघत गप्प बसायची, दोन घास गिळायची आणि उठायची. वजन उतरत चाललं होतं. डॉक्टर म्हणायचे, काहीही खाऊ दे, पण पोटात जाऊ दे. ते 'काहीही' काय, हेच मला सापडत नव्हतं.

तिची एक मैत्रीण शनिवार पेठेत राहते. दोघी एकाच शाळेत होत्या, ही मराठीला, ती गणिताला. तिच्या सासरचं बांगड्यांचं दुकान पिढ्यान् पिढ्यांचं. आम्ही नारायण पेठेत, त्यामुळे येणं-जाणं चालतच. दर ईदला तिच्याकडून शीरखुर्म्याचा डबा येतो आणि त्यातला निम्मा बायको एकटी संपवते. त्या वर्षीही डबा आला. बायकोनं एक चमचा तोंडात घेतला, गिळला, आणि तिचे डोळे भरून आले.

"काहीच लागत नाहीये गं," ती म्हणाली. "तू केलायस हे कळतंय, वासावरून. पण लागत काही नाही."

मैत्रीण समजूत वगैरे घालत बसली नाही. डब्याचं झाकण लावलं, इकडचं तिकडचं बोलली आणि गेली.

पुढच्या आठवड्यात ती दुपारच्या उन्हात परत आली. हातात बाटली. आत जांभळट लाल, दाट काहीतरी. "फालसा," तिनं मला सांगितलं. "घरी केलंय, चांगलं उकळलेलं आहे. डॉक्टरांना विचारून घ्या, मगच द्या."

मी तिथल्या तिथे फोन लावला. उकळलेल्या पाण्यात करून दिलं तर हरकत नाही, असं उत्तर आलं. मैत्रिणीनं ग्लासात चमचाभर सरबत, माठातलं नव्हे तर उकळून गार केलेलं पाणी, आणि चिमूटभर मीठ घातलं. बायकोनं आम्हाला बरं वाटावं म्हणून एक घोट घेतला. थांबली. दुसरा घेतला.

"आंबट," ती म्हणाली. "अगं, आंबट लागतंय!"

"आणि गोड?"

"गोड नाही. पण आंबट लागतंय की."

तो ग्लास तिनं संपवला. संध्याकाळी अजून एक मागितला. तेवढं आंबट जिभेवर आलं की मागोमाग मऊ भाताचे चार घास जायचे. आठवडाभरात बाटलीचा तळ दिसू लागला, तसा मी मैत्रिणीला फोन केला.

"फालसा बाजारात फार दिवस टिकत नाही, भाऊजी," ती म्हणाली. "उद्या सकाळी मंडईत जा आणि मिळेल तेवढा घेऊन या. मी येते."

मंडईत एका बाईकडे टोपलीत पानांवर फालसे मांडलेले होते. वाटाण्याएवढी फळं, काळपट जांभळी, अंगावर धूळ बसल्यासारखी. लगेच मऊ पडतात म्हणून मी रिक्षानं घरी आणले. बायको स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकून बसली. अंगात त्राण नव्हतं, पण देखरेख तिला हवी होती.

मैत्रिणीनं फळं धुऊन मोठ्या पातेल्यात घातली, थोडं पाणी घातलं आणि मला म्हणाली, "बाह्या वर करा. हातानं कुस्करायचं. मिक्सरमध्ये बिया फुटतात आणि सरबत कडवट होतं."

मी कुस्करू लागलो. बोटांमधून बिया निसटत होत्या, गर सुटत होता, मनगटापर्यंत हात रंगले. मग जुन्या पातळाच्या धुतलेल्या फडक्यातून तो रस गाळला. ओट्यावर साखरेचा डबा काढून मैत्रीण सहज म्हणाली, "किती करायचं? सध्यापुरतं, की वर्षभराचं?"

प्रश्न साधा होता. त्यावर साखर किती घ्यायची आणि पाक किती आटवायचा हे ठरणार होतं. सध्यापुरतं असेल तर पातळ चालतं. वर्षभर टिकवायचं तर साखर जास्त आणि पाक पक्का. पण वर्ष या शब्दाकडे मी कितीतरी दिवस बघितलंच नव्हतं. माझा सगळा हिशोब पुढच्या तपासणीपर्यंतचा. सकाळी उठावं, गोळ्या द्याव्यात, संध्याकाळ झाली की हुश्श करावं. वर्षभराचं म्हणायची माझी हिंमत नव्हती आणि सध्यापुरतं म्हणायचं तर ती दारातच बसलेली.

मी हात धुण्याच्या निमित्तानं नळाकडे वळलो.

"वर्षभराचं कर," मागून बायकोचा आवाज आला. "आणि अहो, नळ बंद करा. कॉर्पोरेशनचं असलं तरी पाणीच आहे."

मैत्रीण हसली आणि तिनं डबाच पातेल्यात उपडा केला. पाक उकळला, त्यात रस पडला, आणि सगळ्या घरात आंबटगोड वास भरला. शेवटी लिंबू पिळलं, साखर परत खडा धरू नये म्हणून. उन्हात वाळवलेल्या बाटल्या आम्ही दोघांनी भरल्या. बायको तोवर खुर्चीतच झोपून गेली होती.

पुढे तेवढ्यावर न थांबता, फालसे संपायच्या आत मी एकदा एकट्यानं घाट घातला. फोनकडे लक्ष गेलं आणि पाक पुढे गेला. दोन दिवसांत बाटलीच्या तळाला स्फटिक धरले. बायकोनं बाटली उजेडाकडे धरली. "हे प्यायचं आहे, की फोडून खायचं?"

मला त्या टोमण्यानं केवढं बरं वाटलं!

पावसाळा लागला, केमोथेरपी संपली. खाणं हळूहळू वाढत होतं, पण गोड अजून लागत नव्हतं. मी रोज दुपारी त्याच मापानं सरबत करून देत होतो. एके दिवशी तिनं घोट घेतला आणि ग्लास खाली ठेवला.

"किती गोड केलंयत हे! गुळचट नुसतं."

"नेहमीएवढंच घातलंय," मी म्हणालो. मग तिनं ग्लास पुन्हा उचलला, अगदी थोडं जिभेवर घेतलं आणि डोळे मिटले.

"खरंच गोड आहे," ती हळूच म्हणाली.

मी मैत्रिणीला फोन केला. ती पलीकडून नुसतंच "हो? हो?" करत राहिली, आणि मग तिनं घाईघाईनं फोन ठेवला.

गोष्ट इथे संपली असती तर मला आवडलं असतं. पण त्यानंतर बायकोला फालसा नकोसा झाला. एका घोटासरशी तिला इंजेक्शनची खोली, तो वास, ती पांढरी चादर आठवायची. कपाटात बाटल्या रांगेनं उभ्या होत्या. मला वाईट वाटलं. जिच्यासाठी एवढं केलं तिनंच तोंड फिरवलं, असं काहीतरी. मग लक्षात आलं, हे सरबत तिला नको असणं, हेच तर आपल्याला हवं होतं. औषध कोणी आवडीनं घेत राहतं का? बाटल्या मैत्रिणीच्या घरी गेल्या. तिथे नातवंडांनी त्या आइस्क्रीमवर ओतून, सब्जा घालून, दिवाळीच्या आत फस्त केल्या.

आता बायको बरी आहे. तपासण्या चालू असतात. त्यांच्या आदल्या दिवशी आम्ही दोघंही जरा कमी बोलतो. पण सरबताचा नाद मला लागला तो लागलाच. या वर्षी मी अननसाचं केलं. सोलताना डोळे नीट काढले नाहीत म्हणून बोलणी खाल्ली. तिनं सुरी माझ्या हातातून घेतली, स्टूल ओढलं आणि स्वतः चिरायला बसली. मी शेगडी पेटवली.

"पातेलं मोठं घ्या," ती म्हणाली. "उतू जाईल."