गोजरबाईची उपकारस्तुती

जुन्नरच्या कागद्यांच्या आळीत गोजरबाई कागद घोटायला जायची. कमरुद्दीन कागदी जुन्या गोण्या कुटून त्यांचा कागद करायचा. वाळलेला एकेक ताव त्याची बायको ताजबी आणि गोजरबाई मिळून गुळगुळीत दगडानं घासत बसायच्या. गोजरबाईचा हात बळकट होता आणि तोंड फटकळ. तिचा नवरा रखमाजी मिशनच्या शाळेत मास्तर होता. रविवारी गावाबाहेरच्या कौलारू प्रार्थनाघरात ढोलकी मांडीवर घेऊन तोच भजनं म्हणायचा, तोच शास्त्र वाचायचा.

एकोणीसशे चार सालच्या दसऱ्याला गावात गाठीचा ताप, म्हणजे प्लेग, शिरला. लोकांनी घरं सोडून माळावर झोपड्या घातल्या. तिथंच आधी गोजरबाईची सहा वर्षांची लेक मार्था गेली, आणि चौथ्या दिवशी रखमाजी. ख्रिस्ती मंडळी मुळातच पंचवीस-तीस. त्यांतली नऊ माणसं मातीआड झाली आणि उरलेल्यांतली निम्मी पुण्याकडं पांगली.

मार्गशीर्षात लोक घरी परतले. गोजरबाईही परतली. मिशनकडून चिठ्ठी आली, की साथीमुळं यंदा साहेब येणार नाहीत, नाताळाची उपासना ठेवू नये, प्रार्थनाघराची किल्ली बाईंनी जपून ठेवावी. वाचून तिला बरंच वाटलं. कुणाला तोंड दाखवायला नको, हसायला नको. नाताळाच्या आदल्या दिवशी ती नेहमीसारखी कामावर गेली.

ताजबी म्हणाली, "गोजर, उद्या तुमचा सण न्हवं? आज कशापाई आलीस?"

"सण घरात माणसं असलेल्यांचा, भाभी. मी कुणासाठी करंज्या तळू?"

माळावर असताना घागर भरून गोजरबाईच्या झोपडीच्या दारात ठेवणारी ताजबी एकटीच होती. तिनं नुसता पुढचा ताव गोजरबाईसमोर सरकवला.

दुपारी गोजरबाई घरी आली तर ओट्यावर भिमाजी बसलेला. हा रखमाजीचा धाकटा भाऊ, महाळुंगे पडवळला राहायचा. रखमाजीनं धर्म बदलला तेव्हापासून त्यानं या घरचं पाणी घेतलं नव्हतं.

"वैनी, तुला न्यायला आलोय," तो म्हणाला. "पंचांशी बोललोय मी. जातगंगेला जेवण घालू, मग तुला परत पंगतीत घेत्याल. हितं एकली काय करणार?"

गोजरबाई उंबऱ्यावर टेकली. भिमाजी वाईट माणूस नव्हता, हे तिला ठाऊक होतं. आपल्या माणसांत जाऊन पडावं, असं क्षणभर तिच्या मनातही आलं.

"आन् त्यो तुझा देव," भिमाजी पुढं म्हणाला, "त्यानं काय दिलं तुला? समदं घर पुसून नेलं की."

गोजरबाई ताडकन उठली.

"भावजी, घर गाठीनं पुसलं. ती देऊळवाल्यांच्या घरात शिरली, मशिदीवाल्यांच्या शिरली, माज्याबी शिरली. देवानं काय दिलं इचारता? बारा वर्सं तुमचा भाऊ दिला. त्यानं माज्यावर कदी हात उचलला न्हाई. मला अक्षर शिकवलं. पोर दिली, सहा वर्सं अंगाखांद्यावर खेळली. गेलं म्हणून दिलंच न्हवतं म्हणू? रडीन मी, पर खोटं बोलणार न्हाई!"

तिनं फळीवरची किल्ली घेतली, केरसुणी घेतली आणि डोक्यावरचा पदर खोचून चालू लागली. प्रार्थनाघरात वटवाघळांची घाण साठली होती. तिनं ती खरवडली, जमीन सारवली, झेंडू आणून दाराला तोरण बांधलं.

दुसऱ्या दिवशी उन्हं वर आली तेव्हा तिनं स्वतः घंटा वाजवली. उपासना ठेवू नये, असं चिठ्ठीत होतं ते तिच्या ध्यानात होतं. तिनं आणखी जोरानं वाजवली.

आली चारच माणसं. म्हातारा धर्माजी काठी टेकत आला, साळुबाई तिच्या दोन लेकींना घेऊन आली. भिमाजी रात्री धर्मशाळेत राहिला होता, तो दाराबाहेर उभा राहिला. गोजरबाईनं येशूच्या जन्माची गोष्ट बोट ठेवून, अडखळत वाचली. मग ती म्हणाली, "आता उपकारस्तुती. आपली नऊ माणसं गेली. एकेकाचं नाव घेऊन देवाचे उपकार मानायचे."

"अगं, आज सणाचं कशाला?" साळुबाई कळवळून म्हणाली. तिचा नवरा त्या नऊ जणांतच होता.

"आजच. दुखानं आपलं त्वांड दाबलंय. दाबू द्यायचं न्हाई."

तिनं नावं घेतली. गेणभाऊची विहीर खणण्याची कला, ठकूबाईच्या हातची भाकरी, साळुबाईच्या नवऱ्याचा खडा आवाज. रखमाजीचं नाव तिनं ताठ मानेनं घेतलं. मार्थाशी मात्र ती अडली.

"मार्था," ती शेवटी म्हणाली. "गूळ चोरून खायची. ती दिलीस म्हणून उपकार, देवा. का नेलीस त्ये मी तुला इचारत राहीन, पर उपकार."

साळुबाई मोठ्यानं रडली, आणि रडता रडताच तिनं भजन उचललं. ढोलकी कुणाला येत नव्हती. धर्माजीनं काठी जमिनीवर आपटून ठेका धरला. सूर कुठल्या कुठं जात होता, पण रस्त्यावरची माणसं थबकून ऐकत होती. भिमाजीनं मुंडासं काढून हातात घेतलं होतं.

तो एकटाच गावी परतला. जाताना म्हणाला, "वैनी, तू काय ऐकायची न्हाईस."

"न्हाईच, भावजी. पर येत जा."

मिशनच्या साहेबानं पुढं विचारलं, परवानगीशिवाय उपासना कुणी घेतली? गोजरबाईनं मान वर करून सांगितलं, "मी." त्यानंतर किल्ली तिच्याकडून कुणी मागितली नाही. दर नाताळाला ती गेलेल्यांची नावं घेऊन उपकार मानायची. आनंद व्हायचा असं नव्हे. कित्येक वर्षं त्या सकाळी तिला अंथरूण सोडावंसं वाटायचं नाही. तरी ती उठायची, सारवायची, आणि ताजबीच्या घरी करंज्यांचं ताट पाठवायची.

तिसऱ्या वर्षी भिमाजी आला तो आपल्या मुलीचा हात धरून. "हिला अक्षर शिकीव," म्हणाला, आणि गोजरबाईनं पुढं केलेला पाण्याचा तांब्या त्यानं घटाघटा पिऊन रिकामा केला.