डॉर्कस उभी होती ते टेबल

रविवारी चर्चमधून आल्यावर जेवणं उरकली, आणि एफीने चष्मा पुसून सासूच्या घराण्याचा इतिहास वाचायला घेतला. लूप नदीच्या काठी पहिल्यांदा येऊन राहिलेल्या कुटुंबांचं एक पुस्तक काऊंटीत, म्हणजे त्या जिल्ह्यात, निघणार होतं. ज्याने त्याने आपल्या घरचं एक पान लिहून द्यायचं होतं. पेल कुटुंबाचं पान एफीने लिहिलं होतं, आणि सुनेने लिहिलं म्हणजे ते नीटनेटकंच असणार.

पहिल्याच ओळीत कर्नल टिल्डन घोड्यावरून आले. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात त्यांनी म्हणे कुठलासा पूल राखला होता. त्यांच्यामागून त्यांची नात डॉर्कस आली, ‘सुसंस्कृत घरात वाढलेली’. मग डॉर्कसची मुलगी थर्झा. आणि मग थर्झाचे पती एमोस पेल, ज्यांनी १८७१ साली पत्नी, सासू आणि चिरंजीव ऑरिन यांच्यासह नेब्रास्काच्या माळावर येऊन स्वतःच्या हातांनी मातीचं घर उभारलं.

थर्झा पेल सत्तरीची होती. ती समोरच बसली होती आणि तिचे कान अजून शाबूत होते. १८७१ साली एमोस इलिनॉयच्या दफनभूमीत दोन वर्षं जुना झाला होता. यादवी युद्धातून तो छातीत खोकला घेऊन परतला आणि त्या खोकल्यानेच गेला. बिचारा जिवंत असतानाही कधी कोंबड्यांचं खुराडं सरळ बांधू शकला नव्हता.

“एमोस मेला होता,” थर्झा म्हणाली.

“माहितेय हो आई. पण कागदावर जरा बरं दिसतं. विधवा बाईने सरकारी जमिनीवर दावा लावला म्हटलं की लोकांना नाही ते प्रश्न पडतात.”

“आणि हा कर्नल कुठून उपटला?”

“व्हर्माँटात टिल्डन नावाचे एक कर्नल होते. मी पत्र पाठवून विचारलं. तुमची आई टिल्डनच ना?”

टिल्डनच होती. ते आडनाव डॉर्कसला कसं चिकटलं होतं हे त्या खोलीत एकट्या थर्झाला ठाऊक होतं. सदतीस वर्षं ती गप्प राहिली होती. आताही तिने काट्याने समोरच्या ॲपल पायचा तुकडा मोडला.

तेवढ्यात ऑरिन बोलला. ऑरिन तिचा एकुलता एक मुलगा, एफीचा नवरा. आता चाळिशीचा, अंगाने भरलेला, काऊंटीच्या तीन कारभाऱ्यांमधला मुख्य. वाईट माणूस नव्हता. वाईट असता तर थर्झाला एवढा संताप आला नसता. ॲपल पायचा दुसरा तुकडा ताटात ओढत तो म्हणाला, “मंगळवारी दुपारी माझी वाट बघू नका. गरिबांची पाकिटं उघडायची आहेत.”

कसली पाकिटं, असं थर्झाने विचारलं. ऑरिनने सांगितलं, अगदी हवापाण्याच्या गप्पा माराव्यात तसं. काऊंटीत सात म्हातारी माणसं अशी होती की ज्यांना पुढेमागे कोणी नाही. त्यांना काऊंटी घरपोच कोळसा आणि पीठ द्यायची. कर भरणारे कुरकुर करत होते. म्हणून आता असं ठरलं होतं की ज्याला या सातांपैकी कोणाला वर्षभर आपल्या घरी ठेवून घ्यायचं असेल, त्याने बंद पाकिटात आपली मागणी लिहून द्यायची. जो सगळ्यात कमी मागेल, त्याच्या घरी तो माणूस जायचा.

“सात जण कोण?” थर्झाने विचारलं.

“आहेत असेच. म्हातारा नेल्सही आहे. त्याच्यासाठी जेस क्रॅबचं पाकीट आलंय.”

थर्झाने काटा खाली ठेवला. जेस क्रॅबला सगळी काऊंटी ओळखत होती. त्याच्या गोठ्यातल्या गाईंच्या बरगड्या रस्त्यावरून मोजता यायच्या. “नाही,” एवढंच ती म्हणाली. ऑरिन हसला. म्हणाला, आई, हे कायदेशीर आहे, छापून नोटीस काढली आहे. त्या नोटिशीखाली त्याचंच नाव होतं.

हा नेल्स कोण, ते ऑरिनला माहीत असायला हवं होतं. पण कर्नलचा पूल सांभाळणाऱ्या घरात नेल्सला जागा कुठली असणार?

थर्झा त्या माळावर आली तेव्हा तेहेतीस वर्षांची होती. बैलगाडीत एक शेगडी, एक टेबल, बियाण्याचे बटाटे, तीन वर्षांचा ऑरिन आणि एकोणसाठ वर्षांची आई. पाच वर्षं राहून कसली की सरकारी जमीन आपली व्हायची; तो दावा तिने स्वतःच्या नावावर लावला, विधवेला कायद्याने तेवढा हक्क होता. झाड औषधालाही नव्हतं, म्हणजे घर मातीचंच. नांगर नव्हता. मैलभर पलीकडे नेल्स ओकर्लुंड नावाचा एक स्वीडिश एकटाच राहत होता. तो आपला नांगर घेऊन आला आणि त्याने न बोलता दिवसभर माळ उलटून दिला. गवताच्या मुळांनी घट्ट धरलेल्या मातीच्या त्या लांब पट्ट्या थर्झाने फावड्याने तोडल्या, एकेक लादी दोन हातांत न मावणारी. आणि भिंत रचली डॉर्कसने. गवताची बाजू खाली, लादीवर लादी सांध्याला सांधा न येऊ देता, कोपऱ्यात एक आडवी एक उभी. गवत वर ठेवून रचणाऱ्यांची घरं पहिल्या उन्हाळ्यात खचली. डॉर्कसचे कोपरे तेरा वर्षं हलले नाहीत. स्वतःच्या हातांनी उभारलं म्हणे एमोसने!

टोळधाडीच्या वर्षी पिकाचं पान उरलं नाही, दाराला टांगलेला झगासुद्धा टोळांनी खाल्ला. थर्झा दोन महिने पूर्वेकडे एका खानावळीत भांडी घासायला गेली. परत आली तर एका माणसाने सरकारी कचेरीत अर्ज टाकला होता की बाई जमीन सोडून पळाली, दावा मला द्या. दावा टिकायचा तर शपथेवर सांगणारे साक्षीदार हवेत. नेल्स साठ मैल चालत गेला. त्याने मोडक्यातोडक्या भाषेत शपथेवर सांगितलं की बाईची आई इथे होती, पोर इथे होतं, चूल एक दिवस विझली नाही. जमीन राहिली. आज ऑरिन ज्या ताटात जेवत होता, ते ताट त्या जमिनीवरचं होतं.

आता डॉर्कसचं. मातीच्या घरात पहिलाच हिवाळा होता. बूट घालायला सोपं जावं म्हणून थर्झाने ऑरिनला टेबलावर उभं केलं. डॉर्कस शेगडीपाशी होती. ती धावत आली, थर्झाच्या हातावर तिने फाडकन मारलं आणि पोराला उचलून खाली ठेवलं. त्याआधी आईने थर्झावर आयुष्यात हात उचलला नव्हता. त्या दिवशी डॉर्कसने पहिल्यांदा आणि शेवटचं सांगितलं.

डॉर्कसची आई मेली तेव्हा डॉर्कस सहा वर्षांची होती. बापाचं नाव कोणी सांगितलं नव्हतं. मार्च महिन्यात खानावळीत गावसभा भरली. डुकरं कोणी आवरायची, कुंपणं कोणी तपासायची, हे ठरलं. मग गावावर पडलेल्या गरिबांची पाळी आली. लिलाव उलटा असायचा. जो गावाकडून कमीत कमी पैसे मागेल, त्याने माणूस न्यायचा आणि वर्षभर राबवायचा. पोर मागच्यांना दिसावं म्हणून डॉर्कसला खानावळीच्या टेबलावर उभं केलं. लोकांनी दंड दाबून बघितले. एकाने तोंड उघडायला लावलं. टिल्डन नावाच्या शेतकऱ्याने सगळ्यात कमी मागितलं. पुढेही दर वर्षी तोच सगळ्यात कमी मागत राहिला; त्याच्या घरी ती बारा वर्षं होती, आणि निघताना तिच्याकडे नेण्यासारखं त्याचं आडनाव तेवढं होतं.

“पोराला यातलं काही सांगू नकोस,” डॉर्कस म्हणाली होती. “त्याला लाज वाटेल.” थर्झाने वचन दिलं. डॉर्कस गेली तेरा वर्षांनी, तिलाही आता चोवीस वर्षं झाली होती. आणि त्या गप्प बसण्याचं फळ काय, तर पोर मोठं होऊन तेच टेबल पुन्हा मांडत होतं. थर्झाला ऑरिनचा राग आला होता, एफीचा आला होता, पण सगळ्यात जास्त आला होता स्वतःचा.

सोमवारी ती नेल्सकडे गेली. नेल्स सत्त्याहत्तर वर्षांचा होता, एक डोळा गेलेला, दुसऱ्याने फक्त उजेड कळायचा. त्याने आपली वळकटी बांधून दाराशी ठेवली होती. थर्झाने म्हटलं, माझ्या घरी चल. तो नको म्हणाला. तुझं घर आता ऑरिनचं आहे, आणि उपकार म्हणून राहायचं तर क्रॅबच काय वाईट, निदान तिथे कोणाला आभार मानायला नकोत.

“आणि मी स्वस्तातच जाणार,” तो म्हणाला. “दात नाहीत, खाणं कमी. क्रॅबला फायदाच आहे.”

थर्झाला हसू आलं नाही. “बाकीच्या सहांचं काय?”

“ते म्हातारे हसत नाहीत,” नेल्स म्हणाला.

मंगळवारी दुपारी ती काऊंटीच्या कचेरीत पोचली तेव्हा खोली भरली होती. भिंतीशी बाकावर ती सात माणसं ओळीने बसवलेली, नेल्स कडेला. समोर जेस क्रॅब आणि त्याच्यासारखे चारपाच. लांब टेबलामागे तिघं कारभारी: मधे ऑरिन, एका बाजूला हिरम ग्रोट हा धान्याचा व्यापारी, दुसऱ्या बाजूला म्हातारा योहान बेकर, जो स्वतः मातीच्या घरात राहिलेला होता. टेबलावर पाकिटांची चळत होती, आणि ऑरिनच्या हातात ती फोडायची सुरी.

थर्झा सरळ पुढे गेली. तिने एक खुर्ची ओढली, तिच्यावर चढली, आणि खुर्चीवरून टेबलावर. गुडघे कुरकुरले. घागरा एका हाताने धरून ती सरळ उभी राहिली.

“आई, हे काय चाललंय? उतर, पडशील.”

“आणखी एक पाकीट घे,” थर्झा म्हणाली. “वय सत्तर. गुडघे गेलेत, पण स्वयंपाक येतो, भांडी येतात. कोण कमीत कमी मागतो?”

“आई, लोक बघतायत.”

“तिच्याकडेही बघत होते.”

“कोणाकडे?”

“तुझ्या आजीकडे. सहा वर्षांची होती. व्हर्माँटात, गावसभेत, अशीच टेबलावर. दंड दाबून बघितले तिचे. टिल्डनने सगळ्यात कमी मागितलं म्हणून ती टिल्डनची झाली. तो तुमचा कर्नल, ऑरिन. दुसरा कुठलाही नाही. आणि आज तू सुरी घेऊन बसलायस.”

क्रॅब कुठेतरी फिसकन हसला. कोणी त्याला साथ दिली नाही. ऑरिनचा चेहरा आधी लाल झाला, मग उतरला. हिरम ग्रोट म्हणाला की पेल, आपल्या आईला घरी पाठव आणि पाकिटं फोड, वेळ होतोय.

ऑरिन उठला. टेबलाला वळसा घालून आला आणि दोन्ही हात वर करून उभा राहिला. थर्झाने त्याच्या खांद्यांवर हात टेकले. त्याने तिला कमरेला धरून उचललं आणि जमिनीवर ठेवलं. हात मात्र सोडले नाहीत.

“ती मला नेहमी उतरवायची,” तो हळू म्हणाला. “कधीही टेबलावर चढलो की आजी धावत यायची. मला वाटायचं, टेबल मोडेल म्हणून.”

“तिला टेबलाचं काय पडलं होतं,” थर्झा म्हणाली.

ऑरिनने चळत उचलली. मार्चचा गारठा होता, शेगडी पेटलेली होती. त्याने झाकण काढलं आणि सगळी पाकिटं न फोडता आत घातली. ग्रोट ओरडला की हे बेकायदेशीर आहे, मी लिहून तक्रार करीन. ऑरिन म्हणाला, कर. मग त्याने मत मागितलं, की कोळसा आणि पीठ पूर्वीसारखंच घरपोच जावं. ग्रोट नाही म्हणाला. म्हाताऱ्या बेकरने आपल्या हातांकडे बघितलं आणि एक हात वर केला.

नेल्सने वळकटी काखेत मारली. दाराशी थर्झाला म्हणाला, “मला किती कमी भाव आला होता ते कळलंच नाही.” आणि चाचपडत घरी गेला.

थर्झाचा राग काही त्या दिवशी निवला नाही. तिने ऑरिनला आठवडाभर नीट उत्तर दिलं नाही. पण पुढच्या रविवारी जेवणं झाल्यावर एफीने पुन्हा चष्मा पुसला. तिने सगळं पान नव्याने लिहिलं होतं. कर्नल गेले होते. एमोस मेला होता. दावा थर्झाच्या नावाने होता, भिंती डॉर्कसच्या, नांगर नेल्सचा. डॉर्कसपाशी येऊन ती थांबली आणि सासूकडे बघून म्हणाली, “गावाने सांभाळ केला, असं लिहू?”

“सांभाळ नाही. लिलाव लिही.”

एफीने ते खोडून लिलाव लिहिलं. पेन तिने खाली ठेवलं नाही. “आई, पुस्तक सगळी काऊंटी वाचणार. टेबलाचं तेवढं गाळूया का?”

थर्झा काही बोलायच्या आत ऑरिनने ताट बाजूला सारलं.

“टेबल राहू दे,” तो म्हणाला.